उरलेल्या ९८ अळ्या

(पुण्यात छात्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सराव पाठांच्या दिवसांत पाचवी-सहावीच्या वर्गात डोकावलं, तर विज्ञानाच्या तासाला फळ्यावर दोनपैकी एक आकृती हमखास दिसते. एक गोल, म्हणजे जीवनचक्र : अंडी, अळी, कोष, फुलपाखरू, पुन्हा अंडी. नाहीतर एक रांग, म्हणजे अन्नसाखळी : गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. गोलाचं पाठ-टाचण वेगळं, रांगेचं वेगळं. दोन्ही पाठांचं निरीक्षण होतं, शेरा मिळतो, तक्ता कपाटावर जातो. मला मात्र हा एकच पाठ वाटतो. त्याला जोडणारी गोष्ट आपण फळ्यावर काढत नाही, ती म्हणजे मधेच मेलेली अळी.

कढीपत्त्याच्या कुंडीपासून सुरुवात करू. पुण्यात सोसायटीच्या गॅलरीत, वाड्याच्या अंगणात, शाळेच्या मागच्या बाजूला कुठे ना कुठे कढीपत्ता किंवा लिंबू असतंच. पाऊस सुरू झाला, कोवळी पालवी आली, की त्यावर काळी-पांढरी फुलपाखरं घिरट्या घालायला लागतात. मादी एका जागी एकच अंडं चिकटवते, मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि बहुधा स्वतःचंच टरफल आधी खाते. सुरुवातीला ती तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. कात टाकत टाकत मोठी होते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार. काडीने हलकेच टोचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते, उग्र वास येतो. हा वास मुलं आयुष्यभर विसरत नाहीत. तुमचा तक्ता विसरतात.

आता प्रश्न विचारा : ही अळी विष्ठेसारखी का दिसते? नंतर हिरवी का होते? वास कुणासाठी? तिन्ही प्रश्नांचं उत्तर गोलात सापडत नाही, रांगेत सापडतं. कुणीतरी तिला खायला टपलेलं आहे.

मग थोडं गणित. एका मादीने १०० अंडी घातली असं धरू. सगळी जगली, त्यांतल्या ५० माद्या. त्यांची अंडी ५,०००. त्यांतल्या २,५०० माद्यांची अंडी २,५०,०००. एका पिढीला साधारण महिनाभर लागतो, म्हणजे दिवाळीच्या आत शहरात कढीपत्ता औषधालाही उरणार नाही. तसं होत नाही. फुलपाखरांची संख्या साधारण तेवढीच राहायची असेल, तर शंभरांतली सरासरी दोनच पूर्ण वाढायला हवीत. उरलेल्या ९८ कुठे गेल्या? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि पाच मिनिटं गप्प बसा. छात्राध्यापकाला हे फार अवघड जातं, मागे निरीक्षक बसलेले असतात. तरी बसा.

उत्तरं येतील. मुंग्यांनी नेल्या. कोळ्याने खाल्ल्या. आईने झटकून टाकल्या, हेही येईल, आणि ते बरोबरच आहे. शिंपी आणि बुलबुल हे पक्षी घ्या. चिमणी घ्या : ती दाणे टिपते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पिलांना ती किडे-अळ्या भरवते. आता रांग आपोआप तयार होते, आणि रांग कसली, जाळंच होतं. एक सूचना : बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे काढा. ऊर्जा त्या दिशेने जाते. पुष्कळ वर्गांत तो उलटा असतो.

काही अळ्या आतून मरतात. गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या बारीक माश्या अळीच्या अंगात अंडी घालतात. त्यांची पिल्लं आतून अळी खातात. वर्गात अळी पाळायला ठेवलेल्या डब्यात फुलपाखराऐवजी अशा माश्या निघाल्या की शिक्षक गडबडतात, डबा लपवतात. लपवू नका. एका प्राण्याचं जीवनचक्र दुसऱ्याच्या पोटात पुरं झालेलं मुलांना याहून स्वच्छ कधी दिसणार? वाईट वाटेल, वाटू द्या. त्या माश्या नसत्या तर काय झालं असतं, ते गणित फळ्यावर आहेच.

डासाचंही असंच आहे, तो फक्त वेगाने वाढतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पिंप-कुंड्या रिकाम्या करा, असं आरोग्य खातं सांगतं. आठवड्याचंच अंतर का? अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी पाणी ओतून टाकलं की चक्र तुटतं. जीवनचक्र पाठ करून काय उपयोग, असं विचारणाऱ्या मुलाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

टेकडीवरही न्या. वेताळ टेकडी, तळजाई, जी जवळ असेल ती. तिथे गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, भरपूर लावलेलं आहे; झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. मुलांना त्याची पन्नास पानं पाहायला सांगा, मग बोरीची पन्नास, रुईची पन्नास. कुठे कुरतडल्याच्या खुणा किती, याची नोंद घ्या. हिरवं दिसतं म्हणजे तिथे सगळं आलबेल आहे, ही आपल्याच डोक्यातली समजूत आहे. भोकं पडलेलं पान म्हणजे तिथे कुणीतरी जेवतंय. रुईवर पिवळे-काळे पट्टे असलेली अळी सापडली तर ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची. रुईचा विषारी चीक खाऊन ती स्वतःच बेचव होते, म्हणून ती लपत नाही.

आता अडचण वेळेची. तास पस्तीस मिनिटांचा, अळीला लागतात तीन-चार आठवडे. म्हणून टाचणात हा पाठ एका तासाला बसवू नका. जुलैत डबा ठेवा, रोज पाच मिनिटं नोंद, गणिताचा तास मधे, टेकडी शेवटी. डब्यात उभी काडी हवीच : बाहेर आलेल्या फुलपाखराला लटकून पंख पसरायला जागा लागते, नाहीतर ते चुरगळलेलेच वाळतात. आणि रविवारचं काय, असं तुम्ही विचारणारच. फुलपाखरू बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोष काळपट होतो, आतले पंख दिसायला लागतात. शनिवारी सुटताना तसा दिसला, तर डबा कुणातरी मुलाबरोबर घरी पाठवा आणि त्याच्या आईला आधी फोन करा.