मोटर आपला वेग स्वतः सांगते

नमस्कार मंडळी. टेबलावर ही 12 व्होल्टची ब्रशवाली डीसी मोटर आहे. तिच्या दोन्ही वायरी फक्त मल्टिमीटरला जोडल्यात, सप्लाय कुठेच नाही. आता मी शाफ्ट चिमटीत धरून फिरवतो. बघा, मीटरवर आकडा आला. जोरात फिरवला तर वाढतो, उलटा फिरवला तर उणे होतो.

फॅरडेने 1831 साली दाखवलेलीच ही गोष्ट. मोटर सप्लायवर चालू असतानाही हे व्होल्टेज आत तयार होतच असतं, फक्त सप्लायच्या विरुद्ध दिशेने. तीच बॅक ईएमएफ, आणि ती वेगाच्या प्रमाणात असते. जुन्या डीसी लोकल आठवतात? सुटताना गाडी थांबलेली, म्हणजे बॅक ईएमएफ शून्य. करंट आवरायला वाटेत रेझिस्टन्स घालावे लागत, आणि वेग आला की ते एकेक करून काढत. सुटतानाचे ते हिसके त्याचेच.

या मोटरला मिनिटाला दर 500 फेऱ्यांमागे 1 व्होल्ट बॅक ईएमएफ येते. आतल्या तांब्याच्या गुंडाळीचा, म्हणजे वाइंडिंगचा, रेझिस्टन्स 2 ओहम. रिकामी फिरताना ती 0.2 अँपिअर घेते, तेव्हा बॅक ईएमएफ 11.6 व्होल्ट, म्हणजे 5800 फेऱ्या. लोड आला, करंट 2 अँपिअर झाला, की 4 व्होल्ट वाइंडिंगमध्येच जातात. उरतात 8, आणि वेग येतो 4000 वर. मग सोपा उपाय सुचतो: करंट मोजा, त्याला रेझिस्टन्सने गुणा, तेवढं व्होल्टेज वाढवून द्या. यालाच आयआर कॉम्पेन्सेशन म्हणतात.

याच उपायाने मला एकदा चांगलं अडकवलं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्याची मोटर होती. दुपारी, मोटर चांगली तापलेली असताना, मी कॉम्पेन्सेशनचा पॉट, म्हणजे भरपाई कमीजास्त करायची खुंटी, अगदी कडेपर्यंत नेला. वेग खिळल्यासारखा स्थिर. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, पट्टा झोके खातोय. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.4 टक्के बदलतो. रात्रीत वाइंडिंग 50 अंशांनी थंड झालं की रेझिस्टन्स पाचेक टक्के नव्हे, चांगला 15 टक्क्यांहून जास्त उतरतो. माझी भरपाई गरजेपेक्षा जास्त झाली होती: करंट वाढला की व्होल्टेज वाढवायचं, त्याने करंट आणखी वाढायचा. तेव्हापासून मी पॉट थंड मोटरवरच लावतो, आणि थोडा मागेच ठेवतो.

मायक्रोकंट्रोलर असेल तर मी दुसरी रीत घेतो. दर 10-20 मिलिसेकंदांनी पीडब्ल्यूएम, म्हणजे भरभर चालू-बंद करून मोटरला दिलेला सप्लाय, क्षणभर बंद करायचा. स्कोपवर, म्हणजे व्होल्टेजची रेघ दाखवणाऱ्या या ऑसिलोस्कोपवर, बघा: बंद केल्याबरोबर व्होल्टेज शून्याच्याही खाली गेलं, कारण साठलेला करंट डायोडमधून वाट काढतोय. तो संपला की रेघ उडी मारून वर येते आणि सपाट होते. ही सपाट रेघ म्हणजे बॅक ईएमएफ. तिच्यावरच्या बारीक लाटा कॉम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या, म्हणून एक रीडिंग न घेता आठ-दहा घेऊन सरासरी काढा. करंटच नाही, त्यामुळे रेझिस्टन्सचा प्रश्नच मिटला. उडीच्या आधी मोजलंत तर मात्र सगळं चुकलं. कितीही घाई असली तरी आधी ही वेळ स्कोपवर बघून ठरवा.

चुंबकाचा प्रश्न उरतो. फेराइटचं चुंबक दर अंशाला सुमारे 0.2 टक्के कमजोर होतं. मोटर 50 अंश तापली, तर तेवढीच बॅक ईएमएफ द्यायला तिला दहाएक टक्के जास्त पळावं लागतं, आणि कंट्रोलरला वाटतं सगळं ठीक चाललंय. पंख्याला, पंपाला हे चालतं. ज्याला नेमकाच वेग हवा, त्याने एन्कोडर, म्हणजे शाफ्टचं फिरणं थेट मोजणारा सेन्सर, लावावा.

अगदी सावकाश चालवायची असेल तरी एन्कोडरच. मिनिटाला 100 फेऱ्यांना ही मोटर देते 0.2 व्होल्ट. व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या 10 बिटच्या कन्व्हर्टरवर 12 व्होल्टचे 1024 भाग केले, तर हे भरतात जेमतेम 17. एक भाग इकडेतिकडे झाला की वेग 6 टक्क्यांनी चुकला.

आता दोघं पुढे या. एकाने शाफ्ट बोटांनी दाबायचा, दुसऱ्याने स्कोपवर ती सपाट रेघ किती खाली येते ते मोजायचं.