आधी प्रश्न, मग प्रवेश

श्रोतेहो, नमस्कार.

भूशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलं भेटली की विचारतात, "सर, पीएच.डी.ला अर्ज कुठे करू?" सोबत आलेले वडील विचारतात, "दगड फोडून शेवटी मिळणार काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मी उलट विचारतो, "तुला शोधायचंय काय?" बहुतेक वेळा तिथे गाडी अडते.

नाशिककराला त्यासाठी लांब जायला नको. सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांवर तासलेल्या कड्यांकडे नीट बघा. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये मधूनच विटकरी पट्टा दिसतो. काळे थर म्हणजे लाव्ह्याचे दोन वेगळे प्रवाह. खालचा थंड झाला, वरचा अजून यायचा होता, त्या मधल्या काळात झालेली माती म्हणजे हा पट्टा. भूशास्त्रात त्याला रेड बोल म्हणतात. आता सांगा, मधे किती काळ गेला? शंभर वर्षं की लाखभर? दख्खनचे हे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, आणि डायनोसॉर संपले तेही त्याच सुमारास. म्हणून उद्रेक सलग झाले की टप्प्याटप्प्याने, याला एवढं महत्त्व. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात यावर दोन शोधनिबंध आले. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने लाल मातीतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून कालमापन केलं, तिथल्याच बर्कली विद्यापीठाच्या गटाने बसाल्टमधल्या, म्हणजे या काळ्या खडकातल्या, आर्गॉन वायूवरून. प्रिन्स्टनवाल्यांना उद्रेकांचे ठळक टप्पे दिसले, बर्कलीवाल्यांना तसे दिसले नाहीत. आपल्या इगतपुरीचं नाव तर या अभ्यासात कायमचंच आहे. लाव्ह्याच्या थरांच्या एका गटाला इगतपुरी फॉर्मेशन म्हणतात.

हे झिरकॉन काढतात कसे, तेही ऐका, म्हणजे कामाची जात कळेल. किलोकिलो माती आणायची, धुवायची. जड द्रवात टाकून हलके कण वर तरंगू द्यायचे. चुंबकाला चिकटतात ते बाजूला काढायचे. उरलेली चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन एकेक कण टिपायचा. कधी एकही सापडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ कापाचं, म्हणजे थिन सेक्शनचंही तेच: खडकाची चकती काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासायची, आणि हात जरा जास्त चालला की काचेवर काहीच उरत नाही. यात ज्याचा जीव रमतो त्याने खुशाल पुढे यावं.

दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदाराला मात्र डायनोसॉरशी देणंघेणं नाही. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागलं, माझी कोरडी का, एवढंच त्याला हवंय. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की 'इथे घ्या' म्हणतो. खडकाला विचारलं तर उत्तर वेगळं येतं. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळपास नसतंच. ते असतं भेगांत, झिजलेल्या मुरमात, क्वचित भोकाभोकांच्या खडकात. शिवाय जमिनीखाली भिंतीसारखा उभा घुसलेला खडक, म्हणजे डाइक, असला, तर अलीकडे पाणी आणि पलीकडे ठणठणाट. एखाद्या ओढ्याचं पाणलोट धरून तिथल्या विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर, काही वर्षं मोजत राहणं, हा पीएच.डी.चा अस्सल विषय आहे. महागडी प्रयोगशाळा लागत नाही. बांधावर बसून शेतकऱ्याशी बोलता मात्र आलं पाहिजे.

आता अर्जाचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट आहे. मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, पुढे २ वर्षं वाढवून मिळू शकतात, महिलांना आणखी २. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेत आपला विषय स्वतंत्र आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनंतर ४२,०००. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. फेलोशिप हातात नसताना सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीभाडं, नमुन्यांची तपासणी, सगळं घरातून करणारी मुलं तिसऱ्या वर्षी गळतात.

आणि नुसती सरकारी नोकरीच हवी असेल तर हा रस्ताच नको. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायला यूपीएससीची परीक्षा आहे, तिला एम.एस्सी. पुरते.

संस्था प्रश्नावरून ठरते. मान्सूनचं काम असेल तर पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था, समुद्राचं असेल तर गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, भूकंप आणि भूभौतिकी म्हटलं की हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, म्हणजे एनजीआरआय. खडकांसाठी पुणे विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई जवळच आहेत.

राहिला गाइड. मेल करण्याआधी त्यांचे अलीकडचे दोन-तीन निबंध वाचा. मग त्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्याला चहाला बाहेर न्या आणि विचारा: सर चॅप्टर किती दिवसांत तपासून देतात? फील्डचा खर्च कोण करतं? आधीच्यांना किती वर्षं लागली? मुलींनी आणखी एक विचारावं, फील्डवर मुक्काम कुठे असतो आणि सोबत कोण असतं. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर दुसरा गाइड बघा.

नमस्कार.