मीटरवरचा लाल दिवा

(दृश्य: सांगलीतलं एक दुमजली घर. पहाटेचे सहा. ओट्याशेजारच्या भिंतीवर मीटर, त्यात लुकलुकणारा लाल ठिपका.)

या दिव्याकडे कुणी बघत नाही. बघायचं ते महिन्यातून एकदा, लाईट बिल आल्यावर, आणि तेव्हाही नजर थेट खालच्या रकमेवर.

जरा जवळ जाऊ. मीटरच्या तोंडावर बारीक अक्षरांत छापलंय, ३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-अवर. हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आपण युनिट म्हणतो ते हेच. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल, तेव्हा आधी वाचून घ्या.

(दृश्य: आत गीझरचं बटण दाबलं जातं. बाहेर दिव्याची तडतड सुरू.)

गीझर दोन हजार वॅटचा, म्हणजे मिनिटाला शंभराच्या वर लुकलुक. तो बंद करून घरात नुसता जुना, ७५ वॅटचा पंखा चालू ठेवला, तर मिनिटाला चार. वॅट हा वीज खाण्याचा वेग, युनिट ही खाल्लेली वीज. गोंधळ होतो तो या दोघांत.

आता हिशेब करा. १५ लिटर पाणी आंघोळीपुरतं तापवायला गीझर खातो साधारण अर्धं युनिट. तोच पंखा दिवसाला पंधरा तास फिरला, तर एक युनिटाहून थोडं जास्त. घराघरांत भांडणं होतात गीझरवरून. पंख्यावरून कुणी कुणाला बोलल्याचं ऐकलंय? बीएलडीसी पंखा, ज्याच्या मोटारीत कायमचे चुंबक असतात, तो तेवढंच वारं तीसेक वॅटमध्ये देतो.

(दृश्य: दुकानात एसीवरचं ताऱ्यांचं लेबल. कॅमेरा ताऱ्यांवरून खालच्या आकड्यांवर.)

तारे मोजायचे, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. २००६ साली ही लेबलं आली आणि नियम अधूनमधून कडक होत गेले, त्यामुळे जुना पाच तारे म्हणजे आजचा पाच तारे नव्हे. एसीवर छापलेली वर्षाची युनिटं १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. तुमचा एसी रात्रभर चालत असेल, तर तुमचं वर्ष वेगळं. आणि टन हे वजन नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांच्या काळातला शब्द, अजून दुकानदाराच्या तोंडी आहे.

(दृश्य: गच्ची. लोणच्याची बरणी, वाळत घातलेले सांडगे, मागे निळेकाळे पॅनल.)

हे ‘तीन किलोवॅटचं सोलर’. केंद्राच्या सूर्यघर योजनेत एवढ्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. पण तीन किलोवॅट ही प्रयोगशाळेतली कमाल, तीही पॅनलचं तापमान २५ अंश सेल्सिअस असताना. एप्रिलच्या दुपारी याच काचेवर हात टेकवून बघा. पॅनल जितकं तापतं, तितकी त्याची ताकद उतरते. म्हणून वर्षभराची सरासरी धरायची, किलोवॅटमागे रोजची चारेक युनिटं.

दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा उरलेली वीज तारेवरून बाहेर जाते. रात्री लागेल तेवढी आत येते. बिलात वजाबाकी होते, हेच नेट मीटरिंग. वजाबाकी शून्यावर आली तरी स्थिर आकार भरावा लागतोच. ‘बिल शून्य’ असं सांगणारा विक्रेता हे सांगायला विसरतो.

(दृश्य: गुरुवार, दुपारी तीन. लख्ख ऊन. घरातला पंखा हळूहळू थांबतो.)

लाईट गेली. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, “अहो, तुमच्याकडे सोलर आहे ना?”

आहे, पण तेही बंद. पॅनलची वीज घराच्या आणि लाईनच्या विजेशी जुळवून देतो तो ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. बॅटरी नसेल, तर लाईन गेली की तो मुद्दाम थांबतो. कोपऱ्यावरच्या खांबावर वायरमन चढलाय, लाईन बंद आहे असं समजून. आपल्या गच्चीतली वीज त्याच तारेत शिरली, तर त्याच्या जिवावर बेतेल.

(दृश्य: वायरमन खाली उतरतो, हातमोजे काढतो.)

लाईट आली. इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही, काही मिनिटं लाईन नीट आहे का ते तपासतो. तोवर घर तारेवरच्या विजेवर. फ्रिज गुरगुरतो, पंखा फिरू लागतो आणि ओट्याशेजारी लाल ठिपका पुन्हा लुकलुकतो.