तळोज्याहून आलेलं पत्र

(दृश्य: खारघर. मेट्रोचा पूल, टॉवर, मागे हिरवा डोंगर.)

पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा बघायला लोक खारघरला येतात. एरवी सेंट्रल पार्क आहे, गोल्फ कोर्स आहे, नवी घरं आहेत. पण याच खारघरमध्ये दोन पत्ते असे आहेत, जिथं हौसेनं कुणीच जात नाही. एक तळोजा मध्यवर्ती कारागृह. दुसरा अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र.

आनंदाची गोष्ट सांगायची, तर आधी तुरुंगाकडे जाऊ.

(दृश्य: कारागृहाकडे जाणारा रस्ता, दुरून.)

ऑक्टोबर २०२०. पुण्यातल्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात एनआयएनं, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेनं, फादर स्टॅन स्वामींना रांचीत अटक केली आणि इथं आणलं. येशूसंघाचे (जेझुइट) धर्मगुरू, वय ८३, आयुष्याची कित्येक वर्षं झारखंडच्या आदिवासींसोबत काढलेली. माओवाद्यांशी संबंध असल्याचे आरोप त्यांनी नाकारले होते. पार्किन्सननं हात इतके थरथरायचे की पाण्याचा पेला धरवत नव्हता. स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला.

त्या दिवसांत त्यांनी एका सहकाऱ्याला पत्र लिहिलं. आपण असतो तर काय लिहिलं असतं, याचा अंदाज बांधा आणि मग हे ऐका. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण घ्यायला अरुण मदत करतो. आंघोळीला व्हर्नन. हे दोघं त्याच खटल्यातले सहआरोपी. कोठडीत आणखी दोन कैदी आहेत. ते रात्रीचं जेवण भरवतात, कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. फार गरीब घरची माणसं आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि मग एक वाक्य येतं: इतकं सगळं प्रतिकूल असूनही तळोजा तुरुंगात माणुसकी उसळते आहे.

उसळते आहे! कुठं, तर जिथं म्हाताऱ्याला पेलाही उचलवत नाही तिथं.

पुढं जानेवारी २०२१ च्या पत्रात त्यांनी लिहिलं की आम्ही एकसुरानं गात राहू, पिंजऱ्यातला पक्षीही गाऊ शकतो. पक्ष्याचं हे वाक्य पोस्टरांवर गेलं, गाजलं. मला मात्र गुडघे चोळणारी ती दोन बिननावाची माणसं जास्त आठवतात. पत्रातला आनंद त्यांच्या हातांतून आलेला आहे.

(दृश्य: उघडं बायबल. बोट एका ओळीखाली सरकतं.)

ख्रिस्ती माणसाला हे पत्र वाचताना दुसरं एक पत्र आठवल्याशिवाय राहत नाही. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी येशूचा प्रेषित पौल यानं फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं. तोही कैदेत होता. “प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.” मराठी मंडळींत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, ही ओळ लहान मुलांनाही पाठ असते. कॅलेंडरवर असते, लग्नपत्रिकेवर असते. पण पत्राचा बाकीचा भाग कॅलेंडरवर छापत नाहीत. पौल उपाशी आणि चणचणीत राहिला आहे, हे त्यात आहे. फिलिप्पैहून त्याच्यासाठी मदत घेऊन आलेला एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता, हेही आहे. आणि शेवटी आभार: माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात, हे बरं केलंत. म्हणजे ‘आनंद करा’ म्हणणारा माणूस नुकताच कुणाच्या तरी हातून डबा घेतलेला माणूस आहे. हवेतून बोलत नाही तो.

स्टॅन स्वामींच्या गोष्टीचा शेवट गोड झाला नाही, हेही इथंच सांगायला हवं. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयापुढे व्हिडिओवरून बोलताना, तळोज्यात आल्यापासून तब्येत कशी ढासळत गेली ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांना रांचीला, आपल्या माणसांत जायचं होतं. ते झालं नाही. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये, कोठडीतच असताना, त्यांचं निधन झालं. खटला सुरूसुद्धा झालेला नव्हता.

(दृश्य: ठाण्याची खाडी, ओहोटी.)

खाडीपलीकडचं ठाणं अशा पत्रांना नवं नाही. १३२१ साली, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी, फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती साधू इथं मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्दानुस त्या वेळी गावाबाहेर होता, म्हणून वाचला. त्यानं सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि याच किनाऱ्यावर राहिला. त्याचं पत्र आजही वाचायला मिळतं. त्यात पक्षी गात नाही. मी पोरका झालो, एकटा पडलो, असं तो सरळ लिहितो.

मला हे पत्र महत्त्वाचं वाटतं. कारण हल्ली प्रार्थनासभांच्या स्टेजवरून एक वेगळाच सूर ऐकू येतो: विश्वास ठेवा, आजार पळेल, नाही पळाला तर तुमचा विश्वास कमी पडला. हे बोलणाऱ्यांनी बायबलमधली स्तोत्रसंहिता एकदा सलग वाचावी. तिच्यातली कितीतरी स्तोत्रं म्हणजे निव्वळ विलाप आहेत. “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हे शब्द बाविसाव्या स्तोत्रातले, आणि येशूनं ते वधस्तंभावर उच्चारले. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस गप्प बसून होते तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि चुकले.

(दृश्य: खारघरमधली भाड्याची खोली. चटई, टाळ, छोटी पेटी.)

अ‍ॅक्ट्रेकमध्ये उपचारांसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, थेट बिहार-बंगालमधून कुटुंबं येतात आणि आसपास खोल्या घेऊन महिनोन्‌महिने राहतात. ही खोली जालना जिल्ह्यातून आलेल्या एका जोडप्याची, दादा आणि ताईंची. दादांची केमो चालू आहे. गुरुवारी संध्याकाळी नवी मुंबईतल्या मराठी मंडळीतली माणसं इथं घरगुती प्रार्थनेला येतात. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, येतात, त्यांच्याआधी डबे येतात.

ताई सांगतात, गावाकडं कुणीतरी म्हणालं होतं की तुमच्या हातून काही पाप झालं असेल. “मी म्हटलं, आसंल बाबा. पण आधी भाकरी खाऊ दे त्यांना.”

मग गाणं सुरू होतं. टाळ, पेटी आणि अभंगाची चाल. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला भजन-अभंगाचा घाट दिला. त्यामुळे जालन्याच्या माणसाला प्रार्थनेसाठी परका सूर लावावा लागत नाही. दादांचा आवाज अर्ध्या कडव्यात बसतो. उरलेलं कडवं बाकीचे पूर्ण करतात, आणि दादा टाळ धरून राहतात. कुणी थांबून त्यांच्याकडे कीव करून बघत नाही. एकसुरानं गाणं म्हणजे काय, ते या खोलीत नीट कळतं: ज्याचा आवाज गेला, त्याचा भाग शेजारच्यानं गायचा.

प्रार्थनेत बरं होण्याचं मागणं असतं, अगदी मोकळेपणानं. रिपोर्ट चांगला येऊ दे, पांढऱ्या पेशी वाढू दे, खोलीचं भाडं जमू दे. रडणंही असतं. ताईंना मध्येच हुंदका आला तेव्हा शेजारच्या काकूंनी बायबलमधली ओळ सांगितली नाही. पाठीवर हात ठेवला आणि पुढचं गाणं धरलं.

(दृश्य: डबे उघडले जातात. हशा.)

आणि मग जेवणावरून वाद. केमोनं दादांचं तोंड आलंय, तिखट बंद. डब्यात ज्वारीची आंबील, मऊ भात, दुधी. दादा दर गुरुवारी ठेच्यासाठी अर्ज करतात.

“पाळकसाहेब, तुम्ही तरी सांगा हिला. ठेच्याला मनाई कुठल्या अध्यायात हाय?”

पाळकसाहेब म्हणतात, “दादा, डॉक्टरांचं शुभवर्तमान वेगळं असतं.”

ताई पदर तोंडाला लावून हसतात. दादाही हसतात, मग तोंड दुखतं म्हणून गाल धरतात, आणि तसेच हसत राहतात.

पुढच्या आठवड्यात प्लेटलेट लागतील, असं डॉक्टर म्हणालेत. मंडळीतले दोघं तरुण रक्तपेढीत जायला तयार आहेत. एकाला त्यासाठी नाइट शिफ्ट बदलून घ्यावी लागेल. काकूंनी वहीत डब्यांची पाळी लिहून घेतली. सोमवार वाशी, मंगळवार नेरूळ, बुधवार कोपरखैरणे. गुरुवारी सगळेच येणार. ठेच्याचा अर्ज अजून विचाराधीन आहे.