कायदा नेमका राहतो कुठे?

२६ ऑगस्ट १९२८, स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावातला एक कॅफे. एका बाईंसाठी ओळखीच्या व्यक्तीनं जिंजर बिअर मागवलीय, बाटली गडद काचेची, आतलं काही दिसत नाही. थोडी पिऊन झाली, उरलेली ओतायला घेतली आणि बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, निदान बाईंचं म्हणणं तरी तसंच होतं. बाई आजारी पडल्या.

आता भरपाई मागायची कुणाकडे? पैसे दिले दुसऱ्यानं, म्हणजे बाईंचा कॅफेवाल्याशी करारच नाही आणि बाटली बनवणाऱ्याशी तर नाहीच नाही, आणि करार नाही तर बनवणाऱ्याची जबाबदारीही नाही (काही ठरावीक अपवाद सोडून) असंच तेव्हा कोर्टं धरून चालायची. बाईंनी बनवणाऱ्यावर केलेली केस लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेली, खर्चाला पैसे नव्हते म्हणून गरीब पक्षकार म्हणून अपील लढवलं, आणि १९३२ मध्ये पाचपैकी तीन जज बाईंच्या बाजूनं उभे राहिले. लॉर्ड ॲटकिन म्हणाले, आपल्या वागण्यानं ज्याला इजा होईल हे आपल्या आधीच लक्षात यायला हवं तो आपला शेजारी, आणि त्याला जपणं आपलं कर्तव्य. एका बाटलीतून केवढा कायदा निघाला बघा!

ही कॉमन लॉची, म्हणजे कोर्टाच्या निकालांतून घडत जाणाऱ्या इंग्लिश कायद्याची रीत. १२व्या शतकात इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याचे जज फिरून फिरून निवाडे द्यायचे तिथून ही वाट सुरू झाली, आधी काय ठरलंय ते बघायचं आणि त्याला धरून पुढे जायचं.

फ्रान्समध्ये बाटली फुटायची वाट बघावीच लागली नाही. १८०४ च्या नेपोलियनच्या सिव्हिल कोडमध्ये, म्हणजे नागरी कायद्याच्या पुस्तकात, कलम १३८२, एकच वाक्य: ज्याच्या चुकीनं दुसऱ्याचं नुकसान झालं त्यानं ते भरून द्यायचं. २०१६ मध्ये नंबर बदलून १२४० झाला, वाक्य तेच.

पण मला या कोडमधली सुरुवातीची दोन कलमं जास्त आवडतात. कलम ५ सांगतं, जजनं सगळ्यांना लागू होईल असा नियम घालून द्यायचा नाही. आणि कलम ४ सांगतं, कायदा गप्प आहे, धूसर आहे, अपुरा आहे असं म्हणून निकाल द्यायचं टाळायचंही नाही. मग जजनं करायचं काय? १९३० मध्ये हाच पेच आला, एका ट्रकमुळे एक मुलगी जबर जखमी झाली होती, आणि ट्रक तर १८०४ मध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हता. कोर्टानं कलम १३८४ मधले 'आपल्या ताब्यातल्या वस्तू' एवढेच शब्द धरले आणि ठरवलं की ट्रक ज्याच्या ताब्यात जबाबदारी त्याची, ड्रायव्हरची चूक मुलीनं सिद्ध करायची गरज नाही. म्हणायला हा जुन्या शब्दांचा अर्थ लावला, पण खरं तर नवा कायदाच झाला ना? पुस्तकाचा कायदा वेगळा नि जजचा वेगळा असं जे शिकवतात ते मला इथे पटेनासं होतं.

इस्लामी परंपरेत हे काम मुख्यतः विद्वानांनी केलं, हनफी, मालिकी, शाफिई, हनबली या कायद्याच्या विचारपरंपरांची नावं त्यातूनच आली. फतवा म्हणजे हुकूम असं आपण सर्रास समजतो, पण ते मुफ्तीचं, म्हणजे कायद्याच्या जाणकाराचं मत असतं, निकाल देतो तो काझी.

आणि ती गोगलगाय? लॉर्ड्सनी ठरवलं होतं ते एवढंच, की बाई म्हणतात ते खरं असेल तर दावा चालू शकतो. पुढे पुरावे तपासायच्या आधीच तडजोड झाली, त्यामुळे बाटलीत गोगलगाय होती की नाही हे कुठल्याच कोर्टात कधी सिद्ध झालं नाही.