डर्ट बाइक: टू-स्ट्रोक सांभाळावी की फोर-स्ट्रोक?

मोटोक्रॉसच्या (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) गाडीचं मॅन्युअल उघडा. सर्व्हिसचं कोष्टक किलोमीटरवर नसतं, इंजिन चाललेल्या तासांवर असतं. म्हणून गाडी आली की आधी तास मोजणारं छोटं मीटर बसवून घ्या. इंजिन टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दोन हालचालींत एक स्फोट) असो वा फोर-स्ट्रोक (चार हालचालींत एक), पुढचा सगळा हिशोब त्यावरच चालतो.

टू-स्ट्रोक म्हटलं की आपल्याकडे आरएक्स 100 आठवते. तिचं इंजिन गल्लीतला मिस्त्रीही बिनधास्त उघडतो, कारण आत फोर-स्ट्रोकसारखे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नाहीत, ते हलवणारा कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. यामाहाच्या वायझेड 125 या मोटोक्रॉस गाडीचं तत्त्वही तेच. हेड आणि ब्लॉक (सिलिंडर) उतरवला की पिस्टन हातात. फरक ब्लॉकमध्ये आहे आणि तो खिशाला लागतो. आरएक्सच्या ब्लॉकमध्ये बिडाची स्लीव्ह (आतली नळी) असते. बोअर मारून (नळी आतून मोठी करून) ओव्हरसाइझ पिस्टन घातला की भागतं. रेसिंग गाडीच्या ॲल्युमिनियम ब्लॉकला आतून निकासिलचा कठीण थर असतो. तो सोलला गेला तर थर पुन्हा चढवा, नाहीतर नवा ब्लॉक आणा.

आता तेल. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधून (इंजिनच्या तळाच्या पेटीतून) वर जातात, त्यामुळे क्रँकच्या बेअरिंगला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. 40:1 म्हणजे लिटरला 25 मिली टू-टी तेल, 32:1 म्हणजे साधारण 31. मॅन्युअल म्हणेल ते घाला, पण मापाने. अंदाजाने जास्त ओतणाऱ्याला वाटतं, इंजिन सुरक्षित झालं. होतं उलटंच. कार्बोरेटरच्या जेटमधून (बारीक छिद्रातून) तेल जास्त गेलं की पेट्रोल तेवढं कमी जातं, मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं आणि इंजिन तापतं.

घाट उतरताना तर फारच जपा. थ्रॉटल बंद ठेवून इंजिनवर गाडी रोखत आलात, तर आरपीएम चढलेले आणि पेट्रोल जवळपास बंद, म्हणजे तेलही बंद. पिस्टन जाम व्हायला एवढं पुरतं. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या. आणि कॅनमध्ये कालवलेलं पेट्रोल पावसाळाभर ठेवू नका. त्यातलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

1998 च्या यामाहाच्या फोर-स्ट्रोक वायझेड 400 एफनंतर मोटोक्रॉसमध्ये फोर-स्ट्रोकचा जोर वाढला. 2007 च्या मॉडेलनंतर होंडाने तर टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या बंदच केल्या. फोर-स्ट्रोक चालवायला सोपी, पण दुखणं लपवण्यात पटाईत. टू-स्ट्रोक आवाजातून, प्लगच्या रंगातून आधी कुरकुरते. फोर-स्ट्रोकच्या इंजिनात तेल जेमतेम लिटरभर, आणि 250 सीसीचं इंजिन तेरा हजार आरपीएमवर फिरतं. तेल आणि फिल्टर काही तासांतच बदलावे लागतात.

खरी मेख व्हॉल्व्हमध्ये आहे. स्प्लेंडरसारखा स्क्रू फिरवून इथे टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप) सेट होत नाही. फिलर गेजने (पातळ मापपट्टीने) गॅप मोजायची, कॅम काढायचा आणि व्हॉल्व्हवरच्या बकेटखालची शिम (गॅप ठरवणारी चकती) बदलायची. अनेक रेसिंग गाड्यांत व्हॉल्व्ह टायटॅनियमचे असतात, वर पातळ कठीण थर. फिल्टरमधून धूळ आत गेली की तो थर झिजतो, व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो आणि गॅप कमी होते. गरम गाडी लवकर स्टार्ट होईना, की समजा व्हॉल्व्ह बघायची वेळ आली. ‘अजून एक रविवार चालवू’ म्हटलंत आणि व्हॉल्व्ह तुटला, तर पिस्टन, हेड, कधी क्रँकसुद्धा जातो. टू-स्ट्रोकचा खर्च थोडाथोडा येतो. इथे तो एकदम येतो.

ज्याला स्वतः पाना धरायला आवडतं, त्याने माझ्या मते टू-स्ट्रोकच घ्यावी. नुसतं डोंगरात भटकायचं असेल, तर रेसिंग गाडीचा सोस कशाला? हिरोच्या एक्सपल्ससारखी गाडी किलोमीटरच्या सर्व्हिसवर सुखाने चालते. मात्र फोमचा फिल्टर असेल तर तो प्रत्येक धुळीच्या फेरीनंतर धुऊन, तेल लावूनच बसवायचा, गाडी कुठलीही असो.

जुनी घेणाऱ्यांसाठी एक. फोर-स्ट्रोक थंड असताना पाहायला जा. स्टार्ट करा, चांगली तापवा, बंद करून लगेच पुन्हा स्टार्ट करून बघा. टू-स्ट्रोकचा पाइप स्प्रिंगांवर असतो. तो उतरवून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारा, पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर तिथेच दिसतील.