नकलेवरच्या तीन तारखा

[दृश्य: कौटुंबिक न्यायालयाचा व्हरांडा. भिंतीवर आजच्या कामकाजाचा बोर्ड.]

निवेदन:
निकाल लागला. मुलाचा ताबा एकाला, भेटीचे रविवार दुसऱ्याला. ज्याच्या विरोधात गेला, तो बाहेर येऊन पहिलं म्हणतो, "हायकोर्टात जाऊ." जाता येतं. पण कशाविरुद्ध आणि किती दिवसांत, इथं बऱ्याच जणांची फसगत होते.

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे अपील थेट उच्च न्यायालयात, दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढं. मुदत ३० दिवस. उलट हिंदू विवाह कायद्यात २००३च्या दुरुस्तीनंतर मुदत ९० दिवस. मग धरायची कुठली? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं, म्हणजे दोनपेक्षा जास्त न्यायमूर्तींच्या पीठानं, हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांसाठी ९० दिवस मान्य केले. पालकत्व कायद्याखाली मुलाच्या ताब्याचा निकाल असेल, तर मात्र ३०च. आमचं मत विचाराल तर सगळ्यांनी तीसच धरून चालावं.

[क्लोजअप: प्रमाणित नकलेच्या शेवटच्या पानावरचा शिक्का.]

हा शिक्का नीट बघा. निकालाच्या नकलेसाठी अर्ज केला ती तारीख. नक्कल तयार झाली ती तारीख. हातात दिली ती तारीख. पहिल्या दोन तारखांमधले दिवस मुदतीतून वजा होतात. पुढं तयार नक्कल तुम्ही न्यायला आलाच नाहीत आणि ती खिडकीमागं पडून राहिली, तर ते दिवस तुमच्या नावावर. मुदत हुकली की विलंबमाफीचा अर्ज आला, आणि उशीर का झाला हे कोर्टाला पटवणं आलं.

प्रत्येक आदेशावर अपील होतही नाही. परस्परसंमतीनं घेतलेल्या घटस्फोटावर नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालच्या, म्हणजे जुन्या १२५च्या, पोटगीवर नाही. तिथं पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश कायद्याला धरून आहे का ते वरच्या कोर्टानं तपासावं अशी मागणी. दावा चालू असताना हिंदू विवाह कायद्याखाली लावलेल्या अंतरिम पोटगीसाठी रिट याचिका, म्हणजे राज्यघटनेनं उच्च न्यायालयाला दिलेल्या अधिकाराखाली थेट तिथं केलेला अर्ज.

[दृश्य: दप्तरात बांधलेले खटल्याचे कागद.]

अपील म्हणजे नवा खटला नव्हे. खालच्या कोर्टाचे कागद मागवले जातात, त्यात आधीच नोंदलेल्या साक्षी पुन्हा वाचून पारखल्या जातात. खाली जे मांडायचं राहून गेलं, ते वर मांडायला सहसा परवानगी मिळत नाही. आणि नुसतं अपील दाखल केलं म्हणून आदेश थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. पोटगी थकली असेल तर आधी काही रक्कम भरा, असं कोर्ट बहुतेक वेळा सांगतं.

घटस्फोट मिळालेल्यांसाठी एक सूचना. स्थळं दुसऱ्या दिवसापासून बघा हवं तर. मुहूर्त मात्र अपिलाची मुदत संपल्यावरच, आणि अपील झालंच तर ते फेटाळल्यावर.

जिथं कौटुंबिक न्यायालय नाही, तिथं निकाल वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांचा आणि पहिलं अपील जिल्हा न्यायालयात. त्यापुढं उच्च न्यायालय फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतं.

[दृश्य: कोल्हापूर. न्यायालयाचं आवार, वकिलांची वर्दळ.]

१८ ऑगस्ट २०२५पासून इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ, बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. सोलापूरच्या बाईला अपिलाच्या तारखेला मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. पुणेकर मात्र अजून मुंबईच्याच गाडीत.